जून महिन्यातील पत्रे

शाळा उघडल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा ओघ वाढतो. राज्याच्या बहुतेक भागांत शाळा १५ जूनच्या सुमारास सुरू होतात आणि विदर्भात उन्हामुळे जूनची अखेर उजाडते, त्यामुळे ही पत्रेही दोन टप्प्यांत येतात. यंदा निवडलेली जवळजवळ सर्व पत्रे तालुक्याच्या गावातील हायस्कुलात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या मुलांविषयी आहेत. खेड्यातील जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत असते. तेथे वर्गात पंधरा-वीस मुले असतात, आणि कोणाची आई आजारी आहे, कोणाच्या घरी म्हैस व्याली आहे, हे गुरुजींना ठाऊक असते. तेच मूल पाचवीला किंवा आठवीला हायस्कुलात येते तेव्हा साठ-सत्तर मुलांच्या तुकडीत हजेरीपटावरचा एक क्रमांक होऊन बसते. मी एकतीस वर्षे अशाच एका हायस्कुलात शिकवले, त्यांपैकी शेवटची सात वर्षे मुख्याध्यापिका म्हणून. मूल शाळेत टिकते की गळते, हे बहुधा जून ते गणेशोत्सव या काळातच ठरत जाते, आणि त्या काळात शाळेतील निदान एका मोठ्या माणसाची त्या मुलाशी खरी ओळख व्हावी लागते, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. पुढील उत्तरांत हा मुद्दा अनेकदा येईल, आणि तो मी मुद्दामच पुन्हा पुन्हा मांडला आहे.

आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार. माझा मुलगा गावच्या शाळेतून सातवी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. गुरुजी त्याचे कौतुक करीत. आठवीला त्याला तालुक्याच्या हायस्कुलात सेमी इंग्रजीच्या तुकडीत घातले. तीन आठवडे झाले, तो घरी आल्यावर बोलत नाही, सकाळी पोट दुखते म्हणतो आणि त्याची गणिताची वही अर्धी कोरी आहे. त्याला मराठी माध्यमाच्या तुकडीत घालावे असे मला वाटते. त्याचे वडील म्हणतात की आता मागे घेतले तर पुढे सायन्सला जाता येणार नाही. काय करावे? — एक आई, ता. पाटण, जि. सातारा

ताई, पोटदुखीला ढोंग समजू नका. एकदा डॉक्टरांना अवश्य दाखवा. त्यांना काही आढळले नाही, तरी मुलाला दुखते ते खरेच असते. मनातली भीती मुलाला शब्दांत सांगता आली नाही की ती पोटाच्या वाटेने बाहेर येते. मी अशी मुले प्रत्येक वर्षी पाहिली आहेत, आणि रविवारी त्यांचे पोट दुखत नाही हेही पाहिले आहे.

आता गणिताकडे वळू. सातवीपर्यंत तुमचा मुलगा सगळे गणित मराठीत शिकला. आठवीच्या पुस्तकातील पहिलेच प्रकरण परिमेय व अपरिमेय संख्यांचे आणि दुसरे समांतर रेषा व छेदिका यांचे आहे. सेमीच्या वर्गात याच गोष्टी रॅशनल नंबर, पॅरलल लाइन्स आणि ट्रान्सव्हर्सल होऊन त्याच्यासमोर येतात. फळ्यावर काय चालले आहे हे कदाचित त्याला समजलेही असते, परंतु बाई काय विचारत आहेत हेच त्याला कळत नसेल, आणि अनोळखी मुलांच्या देखत ते विचारण्याचा त्याला धीर होत नसेल. यासाठी घरी एक साधी तपासणी करता येईल. बालभारतीची गणिताची पाठ्यपुस्तके सर्व माध्यमांत सारखीच असतात, आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. आठवीच्या गणिताचे मराठी पुस्तक फोनवर उघडा आणि वर्गात झालेल्या सरावसंचातील चार-पाच उदाहरणे त्याला मराठीतून सोडवायला द्या. ती त्याने सोडवली, तर अडचण शब्दांची आहे. मग एका छोट्या वहीत डावीकडे मराठी व उजवीकडे इंग्रजी शब्द लिहीत गेला, तर दिवाळीपर्यंत तो त्या भाषेला सरावेल. मराठीतूनही ती सुटली नाहीत, तर अपूर्णांक, ऋण संख्या किंवा भागाकार यांपैकी मागचे काहीतरी कच्चे राहिले आहे. अशा वेळी तुकडी बदलून काही साधणार नाही. मागचेच पक्के करून घ्यावे लागेल.

त्याच्या वडिलांचे म्हणणे मात्र बरोबर नाही. अकरावी-बारावीचे विज्ञान इंग्रजीतून शिकवले जाते हे खरे, परंतु मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलांना विज्ञान शाखा बंद असल्याचा कोणताही नियम नाही. अशी मुले दरवर्षी त्या शाखेत जातात, पहिले काही महिने चाचपडतात आणि मग चालू लागतात. गणित न समजता तीन वर्षे सेमीत बसलेल्या मुलापेक्षा मराठीतून गणित पक्के झालेले मूल अकरावीत अधिक टिकते, हे मी पाहिले आहे. म्हणून ऑगस्टअखेरपर्यंत वाट पाहा, पहिल्या घटक चाचणीचे पेपर स्वतः डोळ्यांखालून घाला आणि बदल करायचाच झाला तर पहिल्या सत्राची परीक्षा होण्यापूर्वी करा. तुकडी बदलण्याचा अधिकार मुख्याध्यापकांचा असतो, आणि जागा असल्यास ते सहसा नाही म्हणत नाहीत.

याआधी आणखी एक गोष्ट करा. त्याचे डोळे तपासून घ्या. गावच्या शाळेत फळा चार हातांवर असतो, हायस्कुलाच्या लांब वर्गात तो बराच दूर जातो, आणि दूरचे कमी दिसण्याचा त्रास नेमका याच वयात वाढलेला आढळतो. ‘हा मुलगा लिहून घेत नाही, लक्ष देत नाही’ अशी ज्या मुलाविषयी मी वर्षभर तक्रार करीत होते, त्याला फळा दिसतच नव्हता, हे मला पुढच्या वर्षीच्या आरोग्य तपासणीत कळले. त्या वर्षभरात मी त्याला जे बोलले त्याची भरपाई मला कधीच करता आली नाही.

शेवटी, एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तुम्ही दोघेही वर्गशिक्षकांना भेटा. ‘जरा लक्ष ठेवा’ एवढेच सांगून येऊ नका, कारण हे वाक्य शिक्षकांना पुष्कळ पालक सांगतात आणि त्यातून त्यांच्या हाती काहीच लागत नाही. नेमके सांगा की तो सातवीला गणितात पुढे होता, आता विचारायला लाजतो, डबा एकटाच खातो, त्याला पहिल्या दोन बाकांवर कोणाशेजारी तरी बसवा. डबा तो कोणाबरोबर खातो हे त्याआधी त्याच्याकडून काढून घ्या. गावाकडचे ‘आलतो’, ‘गेलतो’ ऐकून शहरवजा गावातील मुले हसतात आणि मूल बोलायचेच थांबते, हेही मी पाहिले आहे. असे घडत असेल तर शिक्षकांना जरूर सांगा. हसणाऱ्या मुलांना थांबवणे हे शिक्षकांचे काम आहे, आणि मुलाची बोली ‘सुधारणे’ हा त्यावरचा उपाय नव्हे.

आमच्या गावातील एका अनुदानित हायस्कुलात सहावीच्या प्रवेशासाठी मुलीची लेखी परीक्षा घेतली आणि नंतर इमारत निधी म्हणून रक्कम मागितली. पावती मिळणार नाही असेही सांगितले. हे योग्य आहे का? — एक पालक, ता. जामनेर, जि. जळगाव

मुळीच योग्य नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा आहे आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या तेराव्या कलमानुसार आठवीपर्यंतच्या प्रवेशासाठी देणगी घेता येत नाही आणि मुलांची किंवा पालकांची चाळणी परीक्षाही घेता येत नाही. देणगी घेणाऱ्या शाळेला त्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. प्रवेश दिल्यानंतर मुलीला काय येते हे पाहण्यासाठी चाचणी घेणे ही वेगळी आणि चांगली गोष्ट आहे, परंतु प्रवेश द्यायचा की नाही हे तिच्यावर ठरवता येत नाही. मुख्याध्यापकांना प्रवेशाचा अर्ज लेखी द्या आणि त्याच्या प्रतीवर पोहोच घ्या. निधीची मागणी कायम राहिली, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. जुन्या शाळेचा दाखला उशिरा मिळाला किंवा वयाचा पुरावा हाती नसला, तरी या इयत्तांत त्या कारणासाठी प्रवेश नाकारता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तके अनुदानित शाळेत मोफत मिळतात, त्यामुळे पुस्तकांचे पैसे मागितल्यास तेही देऊ नका.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच आहे. मुलीला आठवीला अकरा किलोमीटरवरच्या हायस्कुलात घातले. सकाळी एसटी सातला येते आणि शाळा साडेदहाला भरते. संध्याकाळी शाळा पाचला सुटते आणि परतीची गाडी साडेसहाला आहे. तिची आजी म्हणते, मुलीला एवढा वेळ स्टँडवर बसवण्यापेक्षा घरी बसवा. मला तिला शिकवायचे आहे. — एक वडील, ता. चिखली, जि. बुलढाणा

आपली इच्छा पक्की आहे याचा मला मनापासून आनंद झाला, म्हणून आधी पासाचे सांगते. ग्रामीण भागातील मुलींना शाळेसाठी एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेखाली पूर्णपणे मोफत मिळतो. मुलांना तिकिटाच्या सुमारे एक तृतीयांश रक्कम भरावी लागते. अलीकडच्या वर्षांत जूनमध्ये एसटीचे कर्मचारी शाळेत येऊन पास देतात, यासाठी शाळेने आपली यादी आगाराला वेळेवर कळवावी लागते. ती पाठवली आहे का, हे कार्यालयात विचारा.

खरी अडचण वेळेची आहे, आणि ती एकट्या पालकाच्या अर्जाने सुटत नाही. त्या रस्त्यावरील सर्व गावांची मिळून यादी करा. प्रत्येक थांब्यावर किती मुले-मुली चढतात, शाळा किती वाजता भरते व सुटते, आणि विशेषतः शनिवारी सकाळच्या शाळेची वेळ काय, हे त्या यादीत लिहा. शनिवारचा उल्लेख बहुतेक अर्जांत राहून जातो आणि मग त्या दिवशी मुलांना भर उन्हापावसात तासन्‌तास थांबावे लागते. यादीवर मुख्याध्यापकांची सही घ्या, ग्रामपंचायतींचे ठराव सोबत जोडा आणि हे सर्व आगार व्यवस्थापकांना समक्ष नेऊन द्या. विद्यार्थ्यांची संख्या कागदावर दिसली की गाडी अर्धा-पाऊण तास मागेपुढे करणे आगाराला शक्य होते. मानव विकास कार्यक्रमाखालील तालुक्यांत मुलींसाठी स्वतंत्र गाड्या असतात, तेव्हा आपल्या मार्गावर तशी गाडी आहे का, हेही तेथेच विचारा. याच कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, परंतु त्या पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांसाठी असतात, म्हणून आपल्याला गाडीचाच आग्रह धरावा लागेल.

वेळ बदलेपर्यंत मुलीने स्टँडवर थांबू नये. सकाळी आठपासून एखादी खोली किंवा ग्रंथालय उघडे ठेवण्याची विनंती मुख्याध्यापकांना करा. बाहेरगावच्या दहा-बारा मुली असल्या तर शाळा हे करू शकते. आम्ही तसे केले होते, आणि त्या दोन तासांत त्या मुलींचा जेवढा अभ्यास झाला तेवढा गावातील मुलींचा घरी होत नसे. सातला निघालेल्या मुलीच्या पोटात दुपारपर्यंत काही पडत नाही, म्हणून डब्याशिवाय सकाळसाठी भाकरीचा एक वेगळा पुडा द्या. आठवीपर्यंत शाळेत पोषण आहार मिळतो, तो घेण्यात कमीपणा नाही, हेही तिला सांगून ठेवा. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असावी असा शासनाचा नियम आहे. त्या समितीतील बाईंचे नाव मुलीला माहीत असू द्या आणि आपणही त्यांना एकदा भेटा.

आजींविषयी एक विनंती आहे. त्यांची भीती शाळेची नाही, रस्त्याची आणि स्टँडची आहे, आणि ती खोटी नाही. एक दिवस त्यांनाच मुलीबरोबर त्या गाडीने न्या. शाळा, बाई, बसण्याची खोली, परतीची गाडी आणि सोबतच्या मुली त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या. माझ्या शाळेत अशाच आलेल्या एक आजी दिवसभर व्हरांड्यात बसल्या होत्या, आणि पुढे चार वर्षे नातीला गाडीपर्यंत सोडायला त्याच येत असत.

मुलगी नववीत गेली. तिच्या जन्मदाखल्यावरील नाव आणि शाळेतील नाव यांत फरक आहे, जन्मतारखेतही दोन दिवसांचा फरक आहे. शाळा म्हणते, दहावीनंतर पाहू. — एक आई, ता. कागल, जि. कोल्हापूर

दहावीनंतर पाहू नका, आताच करून घ्या. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नाव व जन्मतारीख जशीच्या तशी बोर्डाच्या प्रमाणपत्रावर उतरते, आणि पुढे नोकरी, पासपोर्ट, शिष्यवृत्ती अशा प्रत्येक ठिकाणी तेच प्रमाणपत्र पुढे ठेवावे लागते. मुलगी शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवता येतो. शाळा सोडल्यानंतर तीच दुरुस्ती फार लांबते. अशी चूक बहुधा पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी झालेली असते आणि दाखल्याबरोबर शाळेमागून शाळेत जाते, म्हणून पहिल्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा व ग्रामपंचायतीकडील जन्मनोंदीचा दाखला हे दोन कागद आधी मिळवा. आधार कार्ड हा जन्मतारखेचा मूळ पुरावा नव्हे. आधी रजिस्टर दुरुस्त करा आणि मग त्याप्रमाणे आधार बदला. दहावीचे अर्ज भरले जाण्यापूर्वी, म्हणजे साधारण सव्वा वर्षात, हे काम पुरे व्हायला हवे. वेळ पुष्कळ वाटतो, पण प्रस्तावात एक कागद कमी निघाला तरी दोन-तीन महिने सहज जातात.

बाई, मी यंदाच एका हायस्कुलात रुजू झाले. आठवीच्या एका तुकडीची वर्गशिक्षिका आहे. पट ६६ आहे, आणि मुले बारा-तेरा गावांतून व तांड्यांवरून येतात. ज्येष्ठ सहकारी सांगतात की पहिल्या महिन्यात धाक बसवला नाही तर वर्ष हातात राहत नाही. मला धाक नको आहे, पण वर्ग सांभाळता येईल की नाही याची भीती वाटते. — एक शिक्षिका, ता. मुखेड, जि. नांदेड

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण माझ्या पहिल्या जूनमध्ये माझीही हीच अवस्था होती. कायद्याने सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असावा. तुमच्यासमोर त्याच्या दुपटीच्या जवळपास मुले आहेत. त्यामुळे जे अवघड वाटते ते खरोखरच अवघड आहे, तो तुमचा दुबळेपणा नव्हे. मारणे आणि मानसिक त्रास देणे हे दोन्ही शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने बंद झाले आहे. परंतु कायदा नसता, तरीही मी तुम्हाला सांगितले असते की धाकाने वर्ग शांत होतो, आणि शांत वर्गात कोणाला काय येत नाही हे शिक्षकाला कधीच कळत नाही.

पहिल्या आठवड्यात एक स्वतंत्र वही करा आणि एकेका मुलासाठी एकेक पान ठेवा. घरी त्याला काय म्हणून हाक मारतात, कोणत्या गावाहून किंवा तांड्यावरून येतो, कशाने येतो, किती वाजता निघतो, बरोबर कोण असते, घरी कोणती भाषा बोलतात, हे त्यात लिहा. तुमच्याकडे तांड्यावरच्या मुलांच्या घरी गोरमाटी म्हणजे बंजारा बोली असेल, देगलूरच्या बाजूने आलेल्या मुलांच्या घरी तेलुगू असेल. अशा मुलाचे उत्तर उशिरा येते, कारण ते आधी मनात भाषांतर करते. प्रश्न विचारल्यावर तुम्ही मनातल्या मनात दहा अंक मोजलेत, तरी पुष्कळ मुलांना बोलायला अवसर मिळेल.

दुसरे काम वाचनाचे आहे. रोज रिकाम्या तासिकेत आणि मधल्या सुट्टीत मिळून पाच-सहा मुलांना एकेकटे बोलावून मराठीच्या पुस्तकातील एक परिच्छेद वाचायला सांगा. दोन-अडीच आठवड्यांत वर्ग पुरा होईल. ओघाने वाचतो, अडखळतो, अक्षर जुळवत वाचतो, एवढीच नोंद त्या पानावर करा. आठवीपर्यंत येऊनही अक्षर जुळवणारी मुले तुम्हाला भेटतील. ती मुले आजवर फळ्यावरचे हुबेहूब उतरवून आणि शेजाऱ्याबरोबर ओठ हलवून निभावत आली आहेत. त्यांना वर्गासमोर वाचायला कधीही उभे करू नका. आता पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आहे, तिच्यात अनुत्तीर्ण झालेल्यांची पुन्हा परीक्षा होते आणि त्यातही न जमल्यास मूल त्याच वर्गात राहते. म्हणजे या मुलांसाठी तुमच्या हाती हे एकच वर्ष आहे. शाळा भरण्यापूर्वीचा अर्धा तास त्यांच्यासाठी ठेवता आला तर तो सर्वांत चांगल्या कामी लागेल.

यापुढचे मी जड मनाने लिहीत आहे. शिष्यवृत्तीच्या याद्या करताना ‘अमुक जातीची मुले उभी राहा’ असे अजूनही काही वर्गांत म्हटले जाते. माझ्या पहिल्या वर्षी मीही तसेच म्हटले होते, कारण वरून यादी त्याच दिवशी मागितली होती आणि दुसरे काही मला सुचले नाही. नऊ मुले उभी राहिली. एक मुलगी बसूनच राहिली, आणि तिचा अर्ज त्या वर्षी भरला गेला नाही. ती का उठली नाही, हे समजायला मला फार वेळ लागला. ही सर्व माहिती जनरल रजिस्टरमध्ये असते. तेथून ती उतरवून घ्या, कागद कमी असेल त्या मुलाला एकट्याला बोलवा, आणि वडिलांचा व्यवसायही सर्वांसमोर विचारू नका.

सप्टेंबरअखेरपर्यंत पट, आधार आणि ऑनलाइन नोंदी तुमचा पुष्कळ वेळ खातील, कारण शाळेतील शिक्षकांची मंजूर पदे त्यावर ठरतात आणि त्यातून सुटका नाही. तरीही गैरहजेरीची नोंद त्या कामांत हरवू देऊ नका. मूल तिसऱ्या दिवशीही आले नाही, तर त्याच गावच्या मुलाबरोबर ‘बाईंनी विचारले आहे’ असा निरोप पाठवा. निरोप अगदी लहान असला तरी घरी तो ऐकला जातो. आपण शाळेत नाही हे कोणाच्या तरी लक्षात आले आहे, हे कळल्याने परत आलेली मुले मी मोजली नाहीत, पण ती थोडी नव्हती. वर्ग हाताळण्याची तुमची भीती गणपतीपर्यंत बरीच कमी होईल, कारण तोवर सहासष्टही नावे चेहऱ्यांसह तुमच्या मनात बसलेली असतील, आणि नावानिशी बोलावलेले मूल सहसा उलटून बोलत नाही.

नात आठवीला तालुक्याच्या शाळेत जाऊ लागली आहे. माझा मुलगा आणि सून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊस तोडायला कारखान्यावर जातात, ते उन्हाळ्यातच परततात. मागच्या वर्षी नातीला धाकट्या भावाला सांभाळायला बरोबर नेले, तिची पाच महिने शाळा बुडाली. यंदाही नेणार म्हणतात. आम्ही दोघे म्हातारे घरीच असतो. पोरगी हुशार आहे. — एक आजोबा, ता. पाटोदा, जि. बीड

आजोबा, आपण हे पत्र जूनमध्येच लिहिलेत, हे फार चांगले केलेत. उचल म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम घेतली, गाडी ठरली आणि मुकादमाचा निरोप आला की घरात दुसरा विचार करायला कोणी मोकळे राहत नाही. जे ठरवायचे ते पोळ्यापर्यंत ठरले पाहिजे.

नात आपल्याजवळ राहावी हे सर्वांत उत्तम. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची मुले गावातच नातेवाइकांकडे राहावीत म्हणून बीड जिल्ह्यात हंगामी वसतिगृहे चालवली जातात. त्यांत आठवीपर्यंतच्या मुलांची जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. यासाठी गावच्या शाळेत आधी नोंद व्हावी लागते, म्हणून नात तालुक्याला शिकत असली तरी तिचे नाव यादीत घेता येईल का, हे गावच्या मुख्याध्यापकांना आणि केंद्रप्रमुखांना ऑगस्टमध्येच विचारा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजनाही आहे. त्याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात होईल. काही तालुक्यांत मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये आहेत, तेथे राहण्याजेवण्याची सोय असते. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह चालवले. खेड्यातल्या मुलाला शिकवायचे तर आधी त्याच्या राहण्याचा आणि भाकरीचा प्रश्न सुटला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या नातीच्या बाबतीत आजही नेमका तोच प्रश्न आहे.

धाकट्या नातवाला कोण सांभाळणार, याचे उत्तर मिळाल्याशिवाय सूनबाई नातीला सोडणार नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. फडात पहाटेपासून काम करणाऱ्या आईला लहानग्यासाठी कोणीतरी हवेच असते. तोही आपल्याकडे राहू शकेल का, अंगणवाडीत जाऊ शकेल का, याचा विचार दोघांचा मिळून करा. नातीला नेण्याची वेळ आलीच, तर निघण्यापूर्वी शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्या. ते दाखवले की कारखान्याजवळच्या शाळेत तिला तिच्याच वर्गात बसता येते, आणि परतल्यावर येथील शाळेला तिची नोंद पुढे चालवता येते.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिते. मुलगी मागे ठेवायची तर जोखीम, बरोबर न्यायची तर जोखीम, म्हणून या वयातच तिचे लग्न उरकून टाकण्याचा विचार आपल्या भागात काही घरांत होतो. अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी मुलीचे लग्न लावणे हा गुन्हा आहे, आणि असे काही ठरू लागल्याचे कानावर आले तर १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो. आपल्या घरी तसे होणार नाही असा मला विश्वास वाटतो, तरीही हा क्रमांक नातीला पाठ असू द्या. तिच्या मैत्रिणींपैकी कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

मुलगा आणि सून गावात आहेत तोवर या आठवड्यातच त्यांना बरोबर घेऊन हायस्कुलात जा आणि वर्गशिक्षकांना सांगा की आमची मुलगी ऑक्टोबरनंतरही येथेच राहणार आहे. आजी-आजोबांचा फोन नंबर हजेरीपटावर पालकांच्या नंबरशेजारी लिहून घ्या, कारण हंगामात फडावरचा फोन अनेकदा लागत नाही, आणि शाळेला काही विचारायचे झाले तर आपलाच फोन वाजला पाहिजे.